‘काहीही सापडले नाही’ : मराठी बायबल आणि सामाईक पडद्याचा प्रश्न

लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे काका मूळचे अहमदनगर जिल्ह्यातले. आयुष्य गिरणीत गेले, पुढे गिरणीही गेली, पण रोज सकाळी पवित्र शास्त्राचे दोन अध्याय वाचायचा नेम काही सुटला नाही. डोळे अधू झाले तेव्हा मुलीने त्यांच्या फोनवर बायबलचे एक ॲप घालून दिले. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, त्यामुळे काका खूश होते. एका संध्याकाळी मात्र ते फोन हातात धरून दारात उभे राहिले. येशू वादळ शांत करतो तो प्रसंग त्यांना हवा होता. ‘वाऱ्याला’ एवढा शब्द त्यांनी शोधाच्या चौकटीत घातला आणि उत्तर आले, काहीही सापडले नाही.

‘अरे, पुस्तकात आहे. पाठ म्हणून दाखवू का? तुझं यंत्र नाही म्हणतंय.’

यंत्र माझे नव्हते. पण संगणकावर मराठी मजकूर कसा बसतो या विषयात मी वीसेक वर्षे कुणी न सांगता डोके घालत आलो आहे आणि चाळीत ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी लॅपटॉप उघडला. तेच भाषांतर, दुसरे सॉफ्टवेअर. शब्द टाकला आणि मार्कच्या चौथ्या अध्यायातली ओळ समोर आली. काकांचे समाधान झाले, माझे होईना. एकाच मजकुराला एकच प्रश्न विचारला आणि दोन पडद्यांनी दोन उत्तरे दिली. त्यातले एक खोटे होते.

या लेखाचा विषय ते खोटे उत्तर आहे. छापील पुस्तकाच्या सूचीत एखादा शब्द राहून गेला तर परीक्षक तो दोष संपादकाच्या नावे टाकतो. ‘काहीही सापडले नाही’ हेही एका ग्रंथाविषयी केलेले विधानच आहे. फरक इतकाच की ते कुणी केले हे दिसत नाही. मराठीत आपण भाषांतराची समीक्षा करतो, संपादनाची करतो, क्वचित छपाईचीही करतो. ज्या पडद्यातून आज बहुसंख्य वाचक धर्मग्रंथ वाचतात त्या पडद्याची समीक्षा मात्र आपण तंत्रज्ञांवर सोडून दिली आहे, आणि तंत्रज्ञांना बिचाऱ्यांना मराठी येत नाही.

बायबल-अभ्यासाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जुने आणि आजही चालू असलेले घराणे म्हणजे ‘स्वोर्ड’ प्रकल्प. क्रॉसवायर बायबल सोसायटी ही स्वयंसेवकांची संस्था तो चालवते. याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मूळ इंजिन सी प्लस प्लस भाषेत लिहिलेले आहे आणि जीपीएल परवान्याखाली कुणालाही खुले आहे. मजकूर उघडणे, अध्याय आणि वचन शोधून काढणे, तळटीपा वेगळ्या करणे, शब्द शोधणे ही कामे इंजिनाची. वाचकाला दिसणारी बाजू, म्हणजे खिडक्या, बटणे, शोधाची चौकट, ही इंजिनात नाहीच. ती ज्याने त्याने आपापल्या यंत्रासाठी बांधायची. प्रत्येक भाषांतर एका स्वतंत्र मॉड्यूलमध्ये बसते. त्यासोबत एक छोटी फाईल असते आणि तीत मजकुराची भाषा कोणती, वचनांची गणना कोणत्या पद्धतीची, परवाना काय हे नोंदलेले असते. मराठी मजकूर असेल तर भाषेपुढे ‘एमआर’ ही दोन अक्षरे. या दोन अक्षरांकडे पुढे परत यायचे आहे.

इंजिन एक आणि पडदे अनेक, ही व्यवस्था कागदावर सुंदर आहे. प्रत्यक्षात काय झाले? लिनक्सच्या केडीई वापरणाऱ्यांसाठी ‘बायबलटाइम’ आले आणि नोमवाल्यांसाठी ‘नोमस्वोर्ड’, ज्याचे २००९ मध्ये ‘झिफॉस’ असे नामकरण झाले (तलवारीचाच ग्रीक शब्द). विंडोजसाठी एक वेगळा पडदा होता. मॅकसाठी ‘मॅकस्वोर्ड’, पुढे ‘एलोक्वेंट’. आयफोनसाठी ‘पॉकेटस्वोर्ड’. जावा भाषेत तर अख्खे इंजिनच ‘जेस्वोर्ड’ नावाने पुन्हा लिहिले गेले आणि अँड्रॉइडवरचे ‘अँड बायबल’ त्यावर उभे राहिले. प्रत्येक पडद्यामागे मूठभर स्वयंसेवक, रात्री नोकरी-घर सांभाळून काम करणारे. इंजिन मजकूर कुणाला आरटीएफ स्वरूपात देई, कुणाला एचटीएमएलमध्ये. मग तळटीप कुठे दाखवायची, अक्षर कोणते, शोध कसा, हे प्रत्येक जण पहिल्यापासून ठरवी. एका पडद्यात दुरुस्त झालेली चूक दुसऱ्या पडद्यात वर्षानुवर्षे तशीच राही.

म्हणून सगळ्या यंत्रांवर चालेल असा एकच सामाईक पडदा असावा, ही कल्पना या मंडळींत वारंवार वर येत राहिली. तिच्यावर तीन वाटांनी प्रयत्न झाले. ‘बायबलटाइम’ने २००९ मधल्या २.० आवृत्तीत केडीईचा आधार सोडला आणि केवळ ‘क्यूटी’ या साधनसंचावर घर बांधले. त्यामुळे तोच कोड विंडोज आणि मॅकवरही चालू शकला. जावावाल्यांची भिस्त जावा सगळीकडे चालते या वचनावर होती. तिसरी आणि अलीकडची वाट ब्राउझरची. ‘एझ्रा बायबल ॲप’सारखे प्रकल्प आपला पडदा वेबपानासारखा रचतात आणि ते पान इलेक्ट्रॉन नावाच्या वेष्टनात घालून प्रत्येक यंत्रावर पोचवतात.

या तिन्ही वाटांची तुलना इंग्रजी वाचकाच्या सोयीवर केली तर निकाल बरोबरीच्या आसपास लागेल. मराठी वाचक मध्ये आणला की चित्र पालटते.

थोडे मागे जातो, कारण गिरगाव-काळबादेवीला हा प्रश्न नवा नाही. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे मराठी काव्य, पण छापले रोमन लिपीत, कारण देवनागरीचे टाइप हाताशी नव्हते. ग्रंथ आपला, अक्षर परके. दोनशे वर्षांनी मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला. १८१७ मध्ये त्यातून पहिले मराठी पत्रक निघाले आणि १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार. याच छापखान्यात पुढे थॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे सुबक टाइप कापले. या टायपांच्या कारखान्यात जावजी दादाजी हा मुलगा टाइप घासण्याच्या कामाला लागला. त्यानेच पुढे स्वतःचा टाइप-कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. बायबलसाठी घडलेल्या अक्षरकौशल्यातून अशा रीतीने संस्कृत काव्ये, पुराणे आणि पंचांगे छापणारे घर उभे राहिले. मिशनरी छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले, ती गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो.

मला यात दिसते ते असे. छापखाने निराळे होते, मालक निराळे, धर्मही निराळे. पुस्तकाचा आकार, बांधणी, मुखपृष्ठ, कशातही एकवाक्यता नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. सामाईक झाले ते खालचे थर: साचा, धातू, अक्षराचे वळण. वरचा पडदा एक करण्याचा हट्ट धरण्याआधी खालचा कोणता थर एक व्हायला हवा हे विचारले पाहिजे.

आता ‘वाऱ्याला’ या शब्दाकडे येऊ. डोळ्यांना हा शब्द एकच दिसतो. संगणकाच्या पोटात तो दोन प्रकारे लिहिता येतो. पहिल्या प्रकारात खालच्या बिंदूचे ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात आणि पुढे य जोडतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, मग हलन्त, मग ‘झेडडब्ल्यूजे’ नावाचे एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. पहिल्या प्रकारे हा शब्द आठ चिन्हांचा होतो, दुसऱ्या प्रकारे नऊ चिन्हांचा. आणि गंमत अशी की युनिकोड प्रमाणकाने दोन्ही अधिकृत मानले आहेत. पहिला भारतीय प्रमाणक इस्कीच्या परंपरेतून आला. दुसरा युनिकोडच्याच २.० आवृत्तीशी जुळते घ्यावे म्हणून ठेवला गेला. कोणता कळफलक कोणता प्रकार उमटवतो हे वाचकाला कळायची सोय नाही. इनस्क्रिप्टमध्ये ऱ ला स्वतंत्र कळ आहे. उच्चारानुसारी कळफलकांपैकी काही जोडचिन्हाचा मार्ग घेतात. मॉड्यूल बनवणाऱ्याने एक प्रकार वापरला आणि काकांच्या फोनच्या कळफलकाने दुसरा, की झाले. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. युनिकोडची नेहमीची एकरूपीकरणाची प्रक्रियाही हे दोन प्रकार एक करत नाही.

ऱ्य हे रूप मराठीत दुर्मीळ नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, साऱ्या, खऱ्या, घोड्याच्या पाठीवरच्या स्वाऱ्या आणि मंदिरातल्या पायऱ्या. आकारान्त पुल्लिंगी शब्दाला रकार असला की त्याच्या सामान्यरूपात हे अक्षर बहुधा येते. म्हणजे ही चूक एखाद्या कोपऱ्यातल्या शब्दाची नाही, मराठीच्या विभक्तीच्या कण्यातली आहे. (‘कोपऱ्यातल्या’ लिहितानाही ती आडवी आलीच.)

यावर तंत्रज्ञ सहज सुचवतात तो उपाय असा: शोधताना अदृश्य चिन्हे गाळून टाका आणि ऱ व र सारखेच धरा. हिंदीपुरते ते खपेल. मराठीत दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द आहेत, एक समुद्र आणि एक डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यास दक्षिणा देतात, आचाऱ्यास मजुरी. जोडचिन्ह गाळले की हे शब्द एकमेकांत मिसळतात. बरोबर उपाय एवढाच आहे की र, हलन्त आणि जोडचिन्ह ही तीन चिन्हे सलग आली की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त धरावे, मजकुरातही आणि प्रश्नातही, आणि उरलेल्या र ला हात लावू नये. कोडच्या दृष्टीने हे दोन ओळींचे काम आहे. प्रश्न आहे तो या दोन ओळी कुठे लिहायच्या हा. प्रत्येक पडद्यात लिहिल्या तर पाच ठिकाणी लिहाव्या लागतील आणि सहाव्या ठिकाणी राहतील. इंजिनात लिहिल्या तर एकदाच.

ॲ या अक्षराचेही असेच. २००८ मधल्या ५.१ आवृत्तीपासून त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान आहे. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवत. जुना मजकूर आणि नवा कळफलक यांची इथेही गाठ पडत नाही. बायबलमध्ये ॲ फारसा येत नाही म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

याच्या उलट चूकही पाहण्यासारखी आहे. ‘जेस्वोर्ड’ शोधासाठी ‘ल्युसीन’ नावाचे प्रसिद्ध साधन वापरते. २०११ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीच्या आधी ल्युसीनचा प्रमाण विभाजक शब्द तोडताना फक्त ज्याला तो ‘अक्षर’ म्हणे तेवढेच धरून ठेवी. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही त्याच्या लेखी अक्षरे नव्हती. प्रत्येक मात्रेपाशी शब्दाचा तुकडा पडे. ‘वाऱ्याला’चे व, ऱ, य, ल असे चार तुकडे. या हिशेबाने काळ, कुळ आणि केळे हे शब्द एकच. वंशावळींनी भरलेल्या जुन्या करारात कुणी ‘कुळ’ शोधू गेला तर त्याला सगळा ‘काळ’ही वाढून मिळणार. रोमन लिपीत स्वर हे स्वतंत्र अक्षर असते, म्हणून तिथे ही चूक कुणाला दिसलीच नाही. सामाईक पडद्याचा हा धोका आहे: चांगली गोष्ट एकदा केली की सगळीकडे पोचते हे खरे, पण एका लिपीचे गृहीतकही तसेच एकदा शिरते आणि सगळीकडे पोचते.

लिपीचा गुंता सुटला तरी व्याकरणाचा उरतोच. वारा, वाऱ्याने, वाऱ्यावर, वारे, वाऱ्यांनी. इंग्रजीत हा शब्द शोधणाऱ्याला फार तर एक अनेकवचन सांभाळावे लागते. शब्दाची सुरुवात जुळवून शोधावे म्हणून ‘वार’ घातले तर वारस, वारंवार, वारूळ सगळे धावत येतात. इंग्रजी वाचकामागे १७३७ ची क्रूडनची शब्दसूची उभी आहे आणि १८९० ची स्ट्राँगची, जिने मूळ इब्री आणि ग्रीक शब्दांना क्रमांक दिले. स्वोर्डच्या इंग्रजी मॉड्यूलमध्ये हे क्रमांक शब्दाशब्दाला जोडलेले असतात; बोट ठेवले की मूळ शब्द उघडतो. पडद्याची सगळी मांडणी, उजवीकडची खिडकी, खालचा कोशाचा पट्टा, या सोयीभोवती आखलेली. क्रमांक नसलेला मराठी मजकूर त्या पडद्यात उघडा, निम्मा पडदा रिकामा राहतो. पाहुण्यांसाठी मांडलेल्या पंगतीत आपले पान कोपऱ्यात असावे तसे.

वचनांच्या गणनेचा प्रश्न मराठी वाचकाला समजावायला तुकोबा पुरेसे आहेत. इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ मध्ये निघालेली पंडितांची गाथा, जोगमहाराजांची गाथा, पु. मं. लाडांनी पाहिलेली १९५० ची सरकारी गाथा. अभंगाचा क्रमांक सांगितला की आपण आधी विचारतो, कोणत्या गाथेतला? बायबलबद्दल बाहेरच्यांचा समज असा की तिथे आकडा पक्का. तसे नाही. योएलचे पुस्तक इब्री परंपरेत चार अध्यायांचे आहे, इंग्रजीत तीन. मलाखी उलट: इब्रीत तीन, इंग्रजीत चार. स्तोत्रांच्या मथळ्याला इब्री प्रती वचन म्हणून मोजतात, त्यामुळे एक्कावन्नाव्या स्तोत्राचे इंग्रजीतले पहिले वचन इब्रीत तिसरे. आपले प्रचलित मराठी बायबल इंग्रजीच्या वाटेने जाते. स्वोर्डचे इंजिन बरीच वर्षे किंग जेम्स आवृत्तीची गणना हीच जगाची गणना मानून चालले. नंतर इतर पद्धतींना जागा केली गेली. पण इंजिनाने जागा केली म्हणजे प्रत्येक पडद्याने ती वापरलीच असे नव्हे. इब्री आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी लावल्यावर योएलपाशी ओळी घसरल्या की अभ्यासक बुचकळ्यात पडतो, आणि बहुधा मराठी भाषांतरकारालाच दोष देतो.

आता ‘एमआर’ ही दोन अक्षरे. मराठी ल आणि हिंदी ल यांचे वळण निराळे. श चेही तसेच. शाळेत पाटीवर गिरवलेला ल आणि रेल्वेच्या हिंदी पाटीवरचा ल आपण लांबून ओळखतो. चांगल्या देवनागरी फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात. मजकूर मराठी आहे असे पडद्याने फाँटला सांगितले तर मराठी वळण येते, नाही सांगितले तर हिंदी. माहिती मॉड्यूलच्या फाईलमध्ये लिहिलेलीच आहे. ती वाचून पुढे पाठवण्याचे सौजन्य पडद्याने दाखवावे, इतकेच. ब्राउझरच्या वाटेने गेलेल्या पडद्यांना हे सगळ्यात सोपे, कारण वेबपानात भाषा नोंदवण्याची जागा आधीच ठरलेली असते. म्हणूनच मला तिसरी वाट मराठीच्या दृष्टीने उजवी वाटते. ती जड आहे, स्मृती खाते, जुन्या फोनला दमवते, तरीही.

माझ्या पिढीने या बाबतीत बरेच सोसले आहे. दादरच्या डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फाँटांत आम्ही ढीगभर मराठी टंकले. दिसायला मराठी, फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरे. फाँट बदलला की मजकुराचे भूत होई. विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी दिसावे म्हणून आधी सीडी घालून जास्तीच्या फायली चढवाव्या लागत. आज तो त्रास गेला आणि त्याचे मोठे श्रेय ‘हार्फबझ’ नावाच्या मुक्त कोडला आहे. जोडाक्षरे जुळवणे, वेलांटी मागे नेणे, रफार डोक्यावर चढवणे ही कामे तो करतो. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, क्यूटी, नवी जावा, सगळे आज त्याच्यावरच चालतात. नाव फारसीतले आहे; ‘एक हरफही बोलला नाही’ म्हणतो त्यातला हरफ. पडदा एक करू पाहणाऱ्यांना जे साधले नाही ते एका खालच्या थराने गाजावाजा न करता साधले. ग्रॅहमच्या टायपांचा आजचा वारसदार शोधायचा तर तो इथे सापडेल.

वाचनपद्धतीबद्दल एक तक्रार. यांतले बरेच पडदे प्रत्येक वचन नव्या ओळीवर ठेवतात किंवा तशी सोय तरी देतात. नव्या करारातले वचनांचे हे तुकडे एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये पाडले. मूळ लेखकांना त्यांची खबर नव्हती. आपण मराठी वाचक ओवीवर वाढलेलो, त्यामुळे एक ओळ एक वचन हे आपल्याला नैसर्गिक वाटते. स्तोत्रांना ते शोभतेही. पण पौलाच्या पत्रातले लांबच लांब, एकात एक गुंतलेले वाक्य चार ओळींत चिरले की त्याचा युक्तिवाद मरतो आणि सुविचार उरतात. पडद्याने परिच्छेद हा मूळ क्रम मानावा आणि ओळीओळीचा पर्याय बाजूला ठेवावा असे माझे मत आहे. काकांना ते मान्य नाही. त्यांना ओळ सुटी हवी, बोट ठेवून वाचता येते. या ठिकाणी मी माझा आग्रह सोडतो. खिडकी ज्याची त्याची.

राहिला मजकुराचा प्रश्न, आणि तो सगळ्यात अवघड आहे. सॉफ्टवेअर कितीही मुक्त असले तरी चर्चमध्ये वाचले जाणारे बायबल सोसायटीचे भाषांतर मुक्त परवान्याखाली नाही. मुक्त परवान्याखाली मिळणारे मराठी बायबल म्हणजे २०१९ ची ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन’. तिच्यामुळेच या मंडळींच्या पडद्यांवर आज मराठी दिसू शकते, हे उपकार मान्य करायला हवेत. पण काकांच्या जिभेवर बसलेले शब्द दुसऱ्या भाषांतराचे आहेत. आठवणीतला शब्द शोधायला गेलेल्या वाचकाच्या पदरी ‘काहीही सापडले नाही’ येण्याचे हे आणखी एक कारण, आणि याला कोणताही कोड उपाय करू शकत नाही.

म्हणून मी पंडिता रमाबाईंकडे वळलो. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने संपूर्ण बायबल मराठीत आणले, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या भाषेत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते प्रसिद्ध झाले. मृत्यूनंतर प्रकाशित झालेल्या ग्रंथाचा स्वामित्वहक्क आपल्या कायद्यात प्रकाशनापासून साठ वर्षे चालतो. कोणताही हिशेब लावा, हे भाषांतर केव्हाच सगळ्यांचे झालेले आहे. मराठी स्त्रीने मूळ भाषांवरून केलेले हे काम मुक्त मॉड्यूल म्हणून प्रत्येक पडद्यावर असायला हवे. भाषांतराच्या अभ्यासकांना ते प्रचलित मराठीशेजारी लावून वाचता आले तर रमाबाईंनी कुठे संस्कृत शब्द टाळला, कुठे घरगुती शब्द पत्करला, याच्यावर निबंध नव्हे, ग्रंथ लिहिता येतील. आज त्यासाठी जीर्ण पाने उलटण्याला पर्याय नाही.

गेल्या पावसाळ्यापासून मी मार्कचे शुभवर्तमान त्यातून टंकतो आहे. ऱ सगळीकडे पहिल्या प्रकाराने, परिच्छेद राखून, वचनांचे आकडे वेगळ्या खुणेने, छापील प्रतीतले जुने शुद्धलेखन जसेच्या तसे. अनुस्वारांची संख्या पाहून पहिल्या आठवड्यातच हात दुखले. मुद्रिते तपासायला काका आहेत. एका डोळ्यावर भिंग धरून ते छापील पान वाचतात, मी पडद्यावर ताडून पाहतो. सातव्या अध्यायापर्यंत आम्ही आलो आहोत आणि चौथ्यात त्यांनी माझ्या तीन चुका काढल्या, त्यांतल्या दोन ‘वारा’ या शब्दातच होत्या.